आबांच्या जीपमधनं पोरांना न्यावं का नको?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. दोन आठवडे झाले, घरात एकच वाद चाललाय, म्हणून इथं विचारायलोय.

आमच्या आबांची १९९४ सालची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, खाली स्प्रिंगचे पाटे, वर कॅनव्हासचं हूड आणि मागं समोरासमोर दोन बाकडी. गेल्या वर्षी उद्यमबागेत इंजिन उतरवून सगळं काम करून घेतलंय. २०२४ ला पासिंग झालं, आता २०२९ पर्यंत काळजी नाही.

आम्ही राहतो बेळगावात अनगोळला. शेत आणि आबा-आई जांबोटीच्या पुढं. दर शनिवारी शाळा सुटली की गावाला. थोरली ८ वर्षांची, धाकटा ४ चा. दोघांना जीपच पाहिजे. बायकोची लहान मोटार आली की तोंडं वाकडी. बायकोला मात्र जीप अजिबात नको. "त्या बाकड्यावर माझी पोरं बसणार नाहीत" म्हणून तिनं एकदा सांगून टाकलंय.

आबा म्हणतात, असलं लोखंड आता मिळतं काय? आताच्या गाड्या बोटानं दाबल्या की चेपतात. त्यांचंही अगदीच खोटं नाही वाटत. शिवाय पावसाळ्यात आमच्या शेताच्या वाटेवर मोटार पोटावर बसते, जीप सेकंड गिअरमध्ये निघते. मागच्या बाकड्यांना पट्टे बसवून घेतले तर चालेल काय? माहितगारांनी सांगा. भावना दुखावल्या तरी चालतील.

चंदगडचा पावणा

आम्ही वडापच्या जीपला मागं लोंबकळून कॉलेजला गेलो. आत सोळा, टपावर चार. काय झालं? पोरांना काचेत ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी. जीप मस्त आहे, न्या बिनधास्त.

जिप्सीवाला मामा

पावणं, तुम्हाला काय झालं नाही म्हणून तुम्ही इथं लिहायलाय. ज्यांना झालं ते लिहायला येत नाहीत.

जांबोटीकर, आता माझं ऐका. माझ्याकडं जिप्सी होती, २००३ ची, अकरा वर्षं वापरली. चोर्ल्याच्या घाटातनं गोव्याला तिनं किती वेळा नेलं त्याचा हिशोब नाही. गाडीवर जीव होता, आजपण आहे. तेव्हा मी काय जीपचा वैरी नाही.

२०१४ च्या मे महिन्यातली गोष्ट. भावाची, बहिणीची, माझी मिळून पाच पोरं मागच्या दोन बाकड्यांवर. जांबोटीकडनं परत येताना किणयेच्या अलीकडं झाडीतनं म्हैस एकदम रस्त्यावर. वेग चाळीसच्या आत होता, शपथेवर सांगतो. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली. म्हशीला लागलं नाही, गाडीला ओरखडा नाही. मला वाटलं सुटलो.

मागं वळून बघतो तर उजव्या बाकड्यावर एक पण पोर नाही. सगळी घसरत येऊन माझ्या सीटच्या पाठीला थडकलेली. त्या सीटच्या मागं लोखंडी नळी असते बघा, वर रेग्झिन पण नसतं. सगळ्यात पुढं बसलेला भाचा त्या नळीवर हनुवटीनं आपटला. पाच टाके. त्याच्या मागचे चौघे त्याच्यावर. एकाचं चप्पल गिअरच्या दांड्यापाशी सापडलं. हे नुसत्या ब्रेकनं झालं. टक्कर नाही, काही नाही.

त्या दिवसापासनं एक गोष्ट डोक्यात बसली. तोंड पुढं करून बसलेल्या माणसाला ब्रेक लागला की निदान पाय रेटता येतात, पुढच्या सीटला हात लावता येतो. आडव्या बाकड्यावर बसलेल्याला गाडीची दिशा म्हणजे त्याची कूस. कुशीकडं पाय रेटता येत नाहीत. मान एका अंगाला वाकते, आणि लहान पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड, मानेचे स्नायू कच्चे. पट्टा कमरेला बांधला तर कंबर जागेवर राहते आणि वरचं धड तसंच आडवं फेकलं जातं. मणक्याला पीळ बसतो. म्हणून आडव्या बाकड्याला पट्टा हे उत्तर नाही. लहान मुलांची वेगळी सीट मिळते, ती पण आडव्या बाकड्यावर बसवायची नसते. ती पुढं तोंड असलेल्या सीटसाठीच बनवतात.

आता आबांचं लोखंड. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, पण इथं आबा चुकतात. आताची मोटार पुढनं चेपते ती मुद्दाम. बॉनेट चेपत जातं तेवढ्या क्षणात आदळण्याचा जोर त्यात जिरतो, आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो. जीपची चेसिस म्हणजे दोन सरळ गर्डर. ती चेपत नाही, म्हणजे सगळा हिसका आतल्या माणसाच्या वाट्याला. ४० च्या वेगानं भिंतीला थेट आदळणं म्हणजे सहा मीटरवरनं खाली पडणं. माडीच्या घराच्या कौलावरनं पडण्यासारखं. तिथं पंधरा किलोचं पोर मांडीवर धरून ठेवू म्हणाल, तर त्या क्षणाला हातात दीडशे किलोच्या वर ओझं येतं. कुठल्या आईच्यानं होणार?

आणि वजनदार, चेसिसवर बांधलेली म्हणजे सुरक्षित असं असतं तर २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपनं (गाड्या आपटून सुरक्षेचे पाचपैकी तारे देणारी संस्था) आपटून बघितलेल्या महिंद्राच्या स्कॉर्पिओला मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले नसते. एअरबॅग नसलेली होती ती. त्याच कंपनीच्या २०२० च्या नव्या थारला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. चेसिस दोन्हीला आहे. पट्टे, एअरबॅगा, सांगाड्याची बांधणी, फरक सगळा तिथं पडला. २०१० ते २०२० मधली जुनी थार, जिप्सी आणि तुमची ५४० या तिघींच्या मागच्या बाजूला आडवी बाकडीच.

कॅनव्हासचं मी लांबवत नाही. घाटात गाडी कलंडली तर हूड कुणाला आत धरून ठेवत नाही, एवढं पुरे.

भाचा आता इंजिनिअरिंगला आहे. हनुवटीची खूण दाढीत झाकून घेतो. त्याची आई मला अजून सणावाराला ऐकवते.

उद्यमबागचा मेस्त्री

मामांनी बरोबर सांगितलंय. मी फक्त कामाचं बोलतो.

महिन्याला एखादा तरी येतोय की, "मेस्त्री, मागं पट्टे मारून द्या." मी नाही म्हणतो. बाकडं ज्या पत्र्यावर बसतं तो मडगार्डचा पत्रा. त्याला भोक पाडून बोल्ट कसला तर बघायला छान, हिसका बसला की बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो. पट्ट्याचा बोल्ट चेसिसला नाहीतर तिला जोडलेल्या मजबूत पट्टीला पाहिजे, आणि खांद्याचा पट्टा सुटणारी जागा बसणाऱ्याच्या खांद्याच्या जरा वर पाहिजे. हूडच्या जीपला तिथं असतं काय? हवा.

बाकडी काढून पुढं तोंड करून सीट टाकता येते. पण मग आसनांचा आकडा बदलतो, आरसीत नोंद लागते, आरटीओची मंजुरी लागते. नाहीतर उद्या काय झालं तर विमावाले हात वर करतात. एवढं करून पण मागं जागा आखूड. पाय कुठं ठेवणार पोरांनी?

आणि एक. आजकाल पोरं हौसेनं आत रोलकेज म्हणून, म्हणजे गाडी उलटली तर आतली माणसं चेपू नयेत म्हणून, उघडी नळी बसवून घेतात. रेसवाले डोक्याला हेल्मेट घालतात म्हणून त्यांना ती चालते. उघड्या डोक्याच्या पोराला तीच नळी लागते. नळी बसवलीच असेल तर निदान फोम गुंडाळा.

टिळकवाडीची आई

जांबोटीकर दादा, वहिनींच्या बाजूनं एक मत माझं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय नेलं तर दंड गाडी चालवणाऱ्याला. दंड राहू दे. मुद्दा असा की तुमच्या आठ वर्षांच्या लेकीला मोटारीतसुद्धा नुसता मोठ्यांचा पट्टा बहुतेक बसणार नाही, तो गळ्यावर येतो. तिला बूस्टर, म्हणजे उंच करून बसवणारी बैठक लागेल, आणि बूस्टरला कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा लागतोच. धाकट्याला पाच टोकांच्या पट्ट्यांची वेगळी सीट. आम्ही घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोराला बांधून ठेवतात काय? आता नातू स्वतःच "आज्जी, क्लिक कर" म्हणतो.

जांबोटीकर

सगळ्यांचे आभार. मामा, तुमचं किणयेचं मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको काही बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत होती. ते बोलण्यापेक्षा वाईट.

ठरलं असं. पोरं बेळगाव ते जांबोटी मोटारीतनं, मागच्या सीटवर, एक सीट आणि एक बूस्टर मागवलाय. गावातल्या डांबरीपर्यंत मोटार जाते, तिथनं शेत अर्धा किलोमीटर, ते चालत. चिखल असला तर गमबूट. आठ दिवस रुसवा झाला, पण आता कुणाचे गमबूट जास्त भरतात यावर पैज लागायलीय.

जीप विकणार नाही. खत, पाइपा, मोटरपंप न्यायला तीच. मागनं सामान चढवायला जागा पाहिजे म्हणून दोन्ही बाकडी काढली. आबांना मामांचं सगळं वाचून दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हैस कुणाची होती?" एवढंच.

मेस्त्री, बाकड्यांचं रेग्झिन अजून चांगलं आहे. कुणाला पाहिजेत का विचारणार होतो, पण काल गावाला गेलो तर एक बाकडं आबांनी पडवीत टाकलेलं, वर बसून पेपर वाचत होते. तेव्हा देणं-घेणं काही नाही.