कोल्हापुरात महाद्वार-शिवाजी पेठ भागात दोन लहान मुलांसह भाड्याने राहायचंय, जागा ठरवताना काय बघावं?

अनघा_आर
जूनच्या आत जागा ठरवायची आहे. घरात चौघं. मुलगी ८ वर्षांची, मराठी माध्यम, तिसरीत जाईल. मुलगा साडेतीन वर्षांचा. एकाचं ऑफिस भाऊसिंगजी रोडला, दुसऱ्याचं लक्ष्मीपुरीत, म्हणून कळंबा-फुलेवाडीसारखी उपनगरं सोडून पेठेतच बघतोय. दोन जागा पसंत आहेत. पहिली बिनखांबी गणेश मंदिराजवळ अपार्टमेंटमध्ये तिसरा मजला, लिफ्ट आहे, पार्किंग नाही. दुसरी शुक्रवार पेठेत जुन्या वाड्याची माडी, प्रशस्त आणि स्वस्त, लाकडी जिना. चारचाकी आहे, पण रोज लागत नाही. एजंटाच्या मते दोन्ही 'एक नंबर'. पाणी, पूर, गर्दी, मुलांचं खेळणं यातलं नेमकं काय विचारायचं आणि कुणाला?

तिकटीवरचा
घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईंना विचारा. पहिला प्रश्न: नळाला पाणी किती वाजता येतं आणि मोटार न लावता वर चढतं का? काळम्मावाडी धरणावरून येणारी थेट पाईपलाईन २०२३ मध्ये सुरू झाली, पण त्यामुळे प्रत्येक गल्लीतला दाब सारखा झालेला नाही. कुठे दुरुस्ती निघाली की पाणी बंद, हेही आहेच.

हिशेब सोपा आहे. माणशी रोज १३५ लिटर धरतात, म्हणजे चौघांना ५४० लिटर. दोन दिवस पाणी आलं नाही तरी निभावायचं तर तुमच्या एकट्या घराच्या वाट्याला साधारण ११०० लिटर साठा हवा. अपार्टमेंटला जमिनीखालची टाकी आहे का आणि ती किती घरांत वाटली जाते, हे विचारा. नुसती गच्चीवरची टाकी दाखवली तर समजून जा.

गल्लीत लोक थेट नळाला मोटार जोडत असतील तर जास्त काळजी. मोटार ओढायला लागली की पाईपमधला दाब उणा होतो आणि जिथे जोड गळका असेल तिथून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पावसाळ्यात गॅस्ट्रो, कावीळ येते ती कित्येकदा अशीच. सुरुवातीचं गढूळ पाणी सोडून द्या. पिण्याचं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या. टाकीत औषध टाकायचं तर १००० लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर. ती बादलीभर पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओतायची. पुढचा अर्धा तास ते पाणी वापरायचं नाही.

साठवण आली की डेंग्यूचा डास आला. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणून आठवड्यातून एकदा बादल्या, पिंप, कूलर सगळं रिकामं करून घासून कोरडं करा. नुसतं पाणी ओतून दिलं तर भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

करवीरकर७२
पुराचं बोलतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे दोन आकडे पाठ करून ठेवा. शिवाजी पेठेचा बराचसा भाग उंचावर आहे. शुक्रवार पेठेत मात्र गल्लीगल्लीत फरक पडतो, पंचगंगा घाटाकडे उतरत जाणारा भाग पाण्याखाली जातो. तुमच्या वाड्यासमोर २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर होतं ते शेजारचा दुकानदार भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली इथे नदीचा फुगवटा जयंती नाल्यातून आत येतो, त्यामुळे नदी लांब दिसली तरी भुलू नका. लक्ष्मीपुरीचा ऑफिसचा रस्ताही त्या दिवसांत बदलावा लागेल.

घर कोरडं राहिलं म्हणजे सुटलो असंही नाही. २०१९ ला उपसा केंद्रंच पाण्यात गेली आणि उंचावरच्या पेठांतही नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला की दूध, भाजी, पेट्रोल सगळंच तुटतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाच दिवसांचं पिण्याचं पाणी, दूध पावडर, मुलांची औषधं आणि एक भरलेला जादा सिलिंडर घरात हवाच.

करारही नीट करा. '११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' असं एजंट सांगेल. चूक! महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, ती जबाबदारी घरमालकाची. महिना १२,००० भाडं आणि ५०,००० अनामत धरली तर ०.२५ टक्क्याने स्टॅम्प साडेतीनशेच्या घरात जातो, शहरात नोंदणी फी १,०००. शाळा प्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद चालतो. अंबाबाई मंदिर परिसर विकास आराखड्यात आजूबाजूच्या मिळकती संपादन करण्याचा विषय आहे, तेव्हा इमारत त्यात येते का हे मोठी अनामत देण्याआधी विचारा.

वाडा_चिरेबंदी
वाडा स्वस्त का, ते आधी बघा. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा देते. या वाड्याला आली आहे का? तुळया मुठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आत वाळवी. कौलं असतील तर शाकारणी (कौलं काढून नीट बसवणं) दरवर्षी कोण करणार आणि खर्च कुणाचा, ते करारात लिहून घ्या, तोंडी नको. सामाईक भिंतीवर रंगाचे फुगे दिसले तर पावसात ती भिंत ओली होणार. अशा भिंतीला मुलांची गादी लावू नका.

मग वायरिंग. मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा खटका) आहे का बघा आणि त्याचं 'टी' बटण दाबा. खटका पडला नाही तर तो बदलून घ्या. तो नसेलच तर आधी बसवून घ्या. ओली भिंत, जुनी वायर आणि साडेतीन वर्षांचं पोर हे एकत्र नको.

कठड्याच्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. आडवे गज असतील तर पोर शिडीसारखं चढतं, त्याला आतून जाळी लावा. लाकडी जिन्याला वर आणि खाली दोन्हीकडे फाटक लावा. फक्त वर लावलं तर मूल खालून चढून अर्ध्यात अडकतं.

पेठकरीण
अनघाताई, गर्दीचं वेळापत्रक समजून घेतलंत तर पेठ सोपी आहे. रविवार, उन्हाळी सुट्टी आणि नवरात्राचे नऊ दिवस महाद्वार रोडवर गाडी काढायचीच नाही. चारचाकीसाठी मंगळवार पेठेत किंवा रंकाळ्याच्या अंगाला एखाद्या अपार्टमेंटमध्ये पार्किंग भाड्याने मिळतं का बघा. गल्लीत लावाल तर सकाळी दुसऱ्याची गाडी हलवून घेण्यातच वेळ जाईल. मुलीची शाळा निवडताना अंतरापेक्षा एकच बघा: तिला महाद्वार रोड ओलांडावा लागतो का? मुलाला नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण लागतात, पहिलीला ६.

गणपती विसर्जन मिरवणुकीचा पारंपरिक मार्ग मिरजकर तिकटी, बिनखांबी, महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेश असा घाटाकडे जातो आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तुमची जागा मार्गाच्या रंकाळ्याकडच्या अंगाला असेल तर सीपीआर (मोठं सरकारी रुग्णालय) पलीकडे राहतं. म्हणून आपल्याच अंगाचा बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. साऊंड सिस्टीम दारावर आली की मुलांना रस्त्यापासून लांबच्या खोलीत न्या, आणि लेझरकडे बघू देऊ नका, डोळ्याच्या पडद्याला इजा होते. अर्थात हे सगळं वर्षातले थोडे दिवस. बाकी वेळी गुजरी, मंडई, दवाखाना पायाखाली, उपनगरात हे सुख नाही.

रांगडा_गडी
खेळायला जागा न्हाई म्हणणाऱ्यांनी आधी पेठ बघावी. गांधी मैदान, रंकाळ्याचं पदपथ उद्यान, पोहायला अंबाई टँक, वाचायला करवीर नगर वाचन मंदिर. पावसात गांधी मैदानात पाणी साचतं, तेवढं सोडा. आणि पोरांना गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पाजा, औषध लागणार न्हाई!

पेठकरीण
दादा, कट्ट्यावरचं दूध आणा, पण लहान मुलांना उकळूनच द्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय पसरू शकतो. म्हैस डोळ्यादेखत पिळली म्हणून जंतू मरत नाहीत.

अनघा_आर
सगळ्यांचे आभार. वाड्याच्या गल्लीत विचारलं. २०१९ ला पाणी दोन घरं अलीकडे थांबलं होतं, २०२१ लाही जवळपास तिथंच. माडी आहे म्हणून चालेल का?

करवीरकर७२
माडीत पाणी येणार नाही, पण मीटर तळमजल्यावर असेल तर वीज बंद होणार आणि संडासाची लाइन उलटी फुगणार. मुलांना घेऊन आठवडा काढण्यासारखं नाही ते. माझं मत बिनखांबीला. फक्त लिफ्टला बॅकअप आहे का आणि गल्लीत रुग्णवाहिका शिरते का, हे सही करण्याआधी बघून या, तेही रविवारी संध्याकाळी.