मदत हवी आहे: मेंदूच्या म्हातारपणावरचा अभ्यास सरकारी पैशाचा, गोळ्या मात्र कंपनीच्या. कितपत मनावर घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

बाबांनी (वय ७४) मल्टिव्हिटॅमिन सुरू केलंय. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, तर "रोज एक गोळी, मेंदू दोन वर्षांनी तरुण" असं ढकलपत्र त्यांच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायप्पा ग्रुपवर आलं म्हणून. मूळ शोधलं तर ती अगदीच थाप नाही. अमेरिकेतला कॉसमॉस-माइंड अभ्यास, २०२२ मध्ये छापलेला. कोकोचा अर्क आणि मल्टिव्हिटॅमिन यांनी मेंदूला फायदा होतो का, हे बघायचं होतं. ६५ वर्षांपुढचे २,२६२ लोक, तीन वर्षं, स्मरणशक्ती-विचारशक्तीच्या चाचण्या फोनवरून.

पेपर वाचत गेले आणि शेवटच्या बारीक टायपात अडकले. या अभ्यासाला पैसा नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगचा, म्हणजे सरकारी. पण तो ज्या मोठ्या कॉसमॉस चाचणीचा भाग आहे, तिला मदत मार्सची (हो, चॉकलेटवालीच). मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या फायझरच्या ग्राहक विभागाने फुकट दिलेल्या. आणि वर, कंपन्यांचा आराखड्यात किंवा विश्लेषणात हात नव्हता असं निवेदन.

गंमत अशी की मार्सला ज्यात रस, त्या कोकोच्या अर्काचा काहीच उपयोग दिसला नाही. फायदा दिसला तो मल्टिव्हिटॅमिनचा.

फुकट गोळ्या हा हितसंबंध कितपत गंभीर धरायचा? "हात नव्हता" हे कुणी तपासतं का? आणि एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिक आहे ना हे बघणारी समिती) मंजुरी म्हणजे पैशाचीही छाननी झाली असं समजायचं का? या क्षेत्रातलं कुणी असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
एका एथिक्स कमिटीवर आहे, म्हणून लिहितो. गोळ्या कंपनीकडून घेणं सर्रास चालतं. ते लपवलं तर वाईट. हितसंबंध आम्ही बघायचे असतात, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसं आहे. पण बैठकीचा बराच वेळ संमतीपत्र, धोका आणि नुकसानभरपाई यांतच जातो. उद्या त्या निकालाची बातमी कशी रंगेल, त्यावर आमचा काही ताबा नाही.

हितसंबंध जाहीर करायचा जर्नलचा फॉर्म प्रत्येक लेखक स्वतः भरतो. मानधन, सल्लागारी, शेअर हे मागच्या ३६ महिन्यांतलं सांगायचं. त्याच अभ्यासासाठी मिळालेल्या मदतीला मुदत नाही. सगळा विश्वासाचा मामला. अमेरिकन डॉक्टर असेल तर ओपन पेमेंट्स या सरकारी संकेतस्थळावर (कंपन्यांनी डॉक्टरांना काय दिलं त्याची नोंद) नाव टाकून पडताळता येतं.

तरी मला विचाराल तर इथे पैशापेक्षा दुसरी गोष्ट मोठी आहे. या अभ्यासाचा मुख्य प्रश्न कोकोचा होता, मल्टिव्हिटॅमिन दुय्यम, आणि दुय्यम प्रश्नाचा निकाल तेवढा पक्का धरत नाहीत. लेखकांनी हे सारांशातच लिहिलंय, ढकलपत्रात तेवढंच गळलं. २०२३च्या कॉसमॉस-वेबमध्येही मल्टिव्हिटॅमिनने स्मरणशक्तीला थोडा फायदा दिसला, पण तीही त्याच मोठ्या चाचणीची शाखा. वेगळ्या लोकांवर, वेगळ्या चमूने केलेलं काही येईपर्यंत मी तरी हुरळणार नाही. बाबा रक्त पातळ करायला वॉरफेरिन घेत असतील तर मात्र गोळीत व्हिटॅमिन के आहे का ते बघा आणि डॉक्टरांना आजच विचारा.

धागाकर्ती:
खूप आभार. वॉरफेरिन नाही, बीपीची गोळी आहे, तरी विचारते. एक शंका: लेखकांत बरेच जण नुसते पीएच.डी. आहेत. तेही ओपन पेमेंट्सवर सापडतात का?

प्रतिसाद:
नाही. त्यात डॉक्टर, टीचिंग हॉस्पिटलं, आणि २०२१पासून नर्स प्रॅक्टिशनर (जादा प्रशिक्षण घेतलेल्या नर्स) वगैरे. पीएच.डी.वाल्यांसाठी पेपरमधला तो फॉर्मच.