चार वाजता शटर (सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली, ३ ऑगस्ट २०२१)

माने ए-३: कोरोनाचे निर्बंध सैल झाले, बहुतेक जिल्ह्यांत दुकानं रात्री ८ पर्यंत. आपण राहिलेल्या ११ मध्ये, चारलाच बंद. आधी पुरानं दुकानात गाळ घातला, आता हे. चारनंतरच विषाणू फिरतो का?

निखिल सी-४: काका, पॉझिटिव्हिटी, म्हणजे शंभर तपासण्यांत किती बाधित, तो आकडा आपल्याकडे राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. गणित आहे.

देशपांडे मॅडम बी-२: गणित बरोबर आहे. पण ते शंभर जण कोण, निखिल? पुराच्या आठवड्यात नदीकाठच्या गावभागातली माणसं वरच्या मजल्यावर अडकली होती. स्वॅब द्यायला कोण गेलं असेल? ज्याला धाप लागली तोच.

निखिल सी-४: मॅडम, तुमचा विषय इतिहास. हे जरा वेगळं आहे.

सेक्रेटरी: वैयक्तिक नको 🙏 पार्किंगमधला गाळ काढायचे पैसे अजून काहींचे बाकी.

तात्या ए-१: शुभ सकाळ 🌹

जाधव वहिनी: तात्या, अडीच वाजलेत 😀

माने ए-३: चारनंतरच फिरतो का? उत्तर द्या कुणीतरी.

देशपांडे मॅडम बी-२: इतिहास आहे म्हणूनच बोलते. १९१८ च्या इन्फ्लुएंझात गावकामगार मृत्यू नोंदवायचे, कारणाच्या रकान्यात बहुतेकदा नुसतं ‘ताप’. खरा घाला केवढा होता ते १९२१ च्या जनगणनेत दिसलं, दहा वर्षांत देशाची लोकसंख्या घटली होती. तरी आजही कुणी सव्वा कोटी म्हणतं, कुणी दोन कोटी. आकडा माणसंच लिहितात. कोणी लिहिला, कोण सुटलं, हे विचारायलाच हवं.

जाधव वहिनी: आमच्या आत्या एप्रिलात घरीच वारल्या. तपासणी झालीच नाही. त्या कुठल्या आकड्यात?

मुलाणी बी-५: 🙏 वहिनी. गेल्या वर्षी इस्लामपूरचे पहिले चार पेशंट टीव्हीवर आले, तेव्हा माझं आडनाव ऐकून लोक दोन पावलं मागं सरायचे. आकडा चारचाच होता.

माने ए-३: आणि ते साथीच्या अंदाजाचं मॉडेल? गेल्या ऑक्टोबरात शास्त्रज्ञांची समिती म्हणाली, साथ फेब्रुवारीत संपेल. मी माल भरला. एप्रिलात काय झालं बघितलंच.

निखिल सी-४: नियम पाळले तर, असं होतं ते. शिवाय डेल्टा हा विषाणूचा नवा प्रकार त्यात धरलाच नव्हता.

माने ए-३: ते मथळ्यात कुठं होतं?

देशपांडे मॅडम बी-२: नव्हतं, आणि राग त्याचाच यायला हवा. कोयना धरणातून इतका विसर्ग झाला तर आयर्विन पुलाला पाणी इतके फूट, हे आपण नीट वाचतो. ४० इशारा, ४५ धोका. विसर्ग कमी केला आणि पाणी चढलं नाही, तर अंदाज खोटा म्हणत नाही. कारण कितव्या फुटाला कुठली गल्ली बुडते ते घराघरात पाठ आहे. पॉझिटिव्हिटीचं असं कुणी आपल्याला समजावलंच नाही, थेट शटर पाडायला लावलं. वॉर्डनिहाय तपासण्या किती, कुणाच्या, हे महापालिकेकडं मागूया. अर्ज मी लिहिते.

निखिल सी-४: तक्ता मी करतो मॅडम. तो आकडा खरंच हवा.

जाधव वहिनी: घरी वारलेल्यांचंही विचारा. आत्यांच्या दाखल्यावर वृद्धापकाळ लिहिलंय. ५८ च्या होत्या.

देशपांडे मॅडम बी-२: तो मुद्दा पहिला घेते.

सेक्रेटरी: लेटरहेडवर नको, आधी ठराव लागतो.

माने ए-३: पुरात लाईटसाठी अर्ज दिला तेव्हा कुठला ठराव केलेला हो?

सेक्रेटरी: बरं. सकाळी शिक्का घेऊन जा. आणि गाळाचे पैसे आणा.