पर्शियन मांजर घ्यायचं आहे: पंच फेस की डॉल फेस? सल्ला हवा

खिडकीतली_गोदा (नाशिक)
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, दोन वर्षं पर्शियनचा धोशा लावलाय. शेवटी आम्ही दोघं विरघळलो. ओळखीतून एक विक्रेता मिळालाय. त्याच्याकडे पंच फेसचं (चपट्या चेहऱ्याचं, आत दबलेल्या नाकाचं) पिल्लू आहे, पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं, चाळीस दिवसांचं. डॉल फेसचंही (साध्या मांजरासारखं नाक पुढे असलेलं) आहे, बरंच स्वस्त, पण "त्याला कोण विचारतंय" म्हणतो. शेजारी सांगतात, दिवसभर एसी लागतो. सासूबाई म्हणतात, दूध-भात खाईल की, वेगळं काय लागतंय! शनिवारी टोकन द्यायचं आहे. देऊ का?

बोक्याची_आई (ठाणे)
थांबा ताई. चाळीस दिवसांचं पिल्लू आईपासून तोडायचंच नसतं. निदान आठ आठवडे, खरं तर बारा. चावायचं किती, नखं कधी आत घ्यायची, हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. आणि चाळीस दिवसांच्या पिल्लाचे डोळे निळेच असतात हो! खरा रंग सहा-सात आठवड्यांनंतर उतरायला लागतो. त्या निळ्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. पुढेही निळेच राहिले, तर पांढऱ्या मांजरात बहिरेपणाची शक्यता बरीच असते, तेही बघून घ्या.

आता चेहरा. माझा बोका सेमी पंच आहे, सात वर्षांचा. नाक आत दबलेलं, त्यामुळे डोळ्यांचं पाणी नाकात न उतरता गालावर ओघळतं आणि तपकिरी डाग पडतात. रोज सकाळी चहाच्या आधी कोमट पाण्यात कापूस पिळून त्याचे डोळे पुसते. झोपला की घोरतो, पाहुण्यांना गंमत वाटते, मला नाही वाटत. पूर्ण पंचला हे सगळं दुप्पट. डॉल फेस हे पर्शियनचं जुनं रूप आहे, चपटा चेहरा माणसांनी नंतर निवडून निवडून आणला. मला विचाराल तर डॉल फेस, डोळे मिटून.

निवांत_कट्टा (पुणे)
एसीची एवढी धास्ती नको. पंखा, थंड फरशी, दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी आणि दुपारी पडदे ओढलेले. पण मांजर तोंड उघडून कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं, तर ते साधं नव्हे, तडक डॉक्टर. उन्हाळ्यात सगळे केस भादरून आणायची फॅशन आहे, तीही नको. शेपटीखालचे आणि मागच्या पायांमधले केस तेवढे कापून घ्या, नाहीतर काय काय चिकटून घरभर फिरतं ते लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे.

सासूबाईंना सांगा, मांजर पक्कं मांसाहारी. त्याला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं, ते मांसातून मिळतं, भातातून नाही. कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. दुधाने बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात.

फणी_विरुद्ध_फर (कोल्हापूर)
खरा प्रश्न कुणी विचारला नाही: रोज विंचरणार कोण? मुलगी म्हणेल "मीच". दहावीच्या वर्षी बघू.

आमच्याकडे गणपतीत आठवडाभर फणी लागली नाही. काखेत जट धरली, सुपारीएवढी. मी शहाणा, कात्री घेतली. मांजराची कातडी इतकी सैल की जटेबरोबर तीही वर उचलली जाते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. कचकन चिमटीएवढं कापलं गेलं. दोन टाके आणि बायकोचा चार दिवस अबोला. तेव्हापासून नियम: कात्री घरात नाही. आधी बोटांनी गुंता मोकळा करायचा, मग रुंद दातांची स्टीलची फणी, मुळापासून. वरवर ब्रश फिरवला की फर चकचकीत दिसते आणि खाली नमदा तयार होतो.

सावली (वसई)
आनंदात विरजण घालते, पण लिहायला हवं. आमची पाच वर्षांची असताना किडनीने गेली. पर्शियनमध्ये किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, पीकेडी. आई किंवा बाप एकाला जरी असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनए चाचणी होते, दहा महिन्यांच्या पुढे सोनोग्राफीतही कळतो. विक्रेत्याला आई-बापाचा रिपोर्ट मागा. हसला, तर उठून या.

आणि अंगावर कुठे गोल टक्कल दिसलं तर हात लावू नका. ते गजकर्ण असू शकतं. पर्शियनला पटकन होतं आणि आपल्यालाही लागतं. माझ्या हातावर दीड महिना होतं.

निवांत_कट्टा (पुणे)
सावली, वाईट वाटलं.
गोदाताई, एक राहिलं: कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावू नका, ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. दोन्हींनी मांजर दगावतं. घरात लिलीची फुलंही नकोत. बोका घेतलात आणि तो शी-शूच्या ट्रेमधल्या मातीत बसून नुसता कुंथतोय, लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका.

खिडकीतली_गोदा (नाशिक)
सगळ्यांचे आभार. शनिवारी गेलो होतो. पिल्लाची आई बघायची म्हटलं तर "ती दुसऱ्या गावी आहे". रिपोर्ट म्हटल्यावर तो खरंच हसला. टोकन न देता उठलो, मुलगी गाडीत रडली.

पण पुढची गंमत ऐका. मुलीच्या क्लासच्या बाईंची बहीण परदेशी चालली आहे, तिची तीन वर्षांची डॉल फेस भाटी (मादी) आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, लसीकरणाचं पुस्तक भरलेलं. सोनोग्राफी केली, किडनी स्वच्छ. परवा घरी आली. सासूबाईंनीच नाव ठेवलं, साय. दूध-भात बंद झाला, आता त्या बिनमिठाचं चिकन उकडून घेतात (स्वतः माळकरी!). डॉक्टर म्हणाले, हे वरचं खाणं, मुख्य जेवण मांजराचंच तयार खाद्य.

आता अडचण. पाठ विंचरू देते, पोटाला फणी लावली की चावते. काय करू?

बोक्याची_आई (ठाणे)
उताणी करू नका, कुणालाच आवडत नाही. बशीत चमचाभर ओलं खाणं उंच धरा, ती मागच्या पायांवर उभी राहील. एकाने बशी धरायची, दुसऱ्याने तेवढ्यात पोटावरून दोनदा फणी. बशी सासूबाईंकडे द्या. शेपटी आपटायला लागली की त्या दिवसापुरती फणी खाली.