मदत हवी आहे: मुलांना 'ट्रेझर आयलंड' (१९५०) दाखवायचा आहे, जोडीला नकाशा आणि खजिनाशोध

कुबडीवाला (धागाकर्ता)

मे महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये ७ ते १२ वयाच्या साधारण २५ मुलांना डिस्नेचा 'ट्रेझर आयलंड' दाखवायचा विचार आहे. बायरन हॅस्किन दिग्दर्शित, रॉबर्ट न्यूटन एका पायाचा चाचा लाँग जॉन सिल्व्हर झालाय तो. दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात खजिनाशोध. पडदा ८ फूट रुंद, १६:९. अडचणी अशा:

१) एका डिस्कवर लांबी ९६ मिनिटं लिहिली आहे, दुसरीवर ९२. कापलेली आवृत्ती कोणती?
२) चाचणीत चित्र आडवं ताणलं जातंय, सगळे खलाशी बुटके आणि जाडे.
३) मराठी सबटायटल्स बनवली आहेत. सुरुवातीला बरोबर, पण सराईतल्या प्रसंगांपासूनच मागे पडायला लागतात आणि शेवटी मेळच राहत नाही.
४) चहात बुडवलेला नकाशा लगदा झाला आणि शाई फुटली.
५) होकायंत्राने खजिना शोधायचा खेळ नीट कसा आखायचा?

---

पडद्यामागे

१ आणि ३ चं उत्तर बहुधा एकच आहे. मूळ चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, ९६ मिनिटांचा. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तोच सेकंदाला २५ फ्रेमने पळवतात, म्हणजे चार टक्क्यांहून किंचित जास्त वेगाने. ९६ ची ९२ मिनिटं तिथेच होतात, एकही दृश्य न कापता. माणसांचे आवाजही किंचित चिरके होतात. न्यूटनचा खर्जातला 'आर्रर' ओळखीचा असेल तर लगेच कानाला लागतं.

कापलेली आवृत्तीही होती, ते खरं. १९७५ साली अमेरिकेत पुन्हा प्रदर्शित करताना सर्वांसाठीचं 'जी' प्रमाणपत्र मिळावं म्हणून हिंसेचे काही तुकडे काढले होते. तेव्हा नुसत्या मिनिटांवर जाऊ नका. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडून कोडेकच्या माहितीत फ्रेमरेट बघा. २५ आणि ९२ मिनिटं असेल तर पाल. २३.९७६ असूनही लांबी कमी भरली तर संशय घ्या, आणि डोलकाठीवरचा इझरेल हँड्स या चाच्याचा प्रसंग तपासा.

सबटायटल्स ९६ मिनिटांच्या प्रतीवरून बनवली आणि ९२ वाली चालवली तर फरक दर मिनिटाला अडीच सेकंदांनी वाढतो, शेवटी जवळजवळ चार मिनिटं. व्हीएलसीमधली जी आणि एच ही बटणं सगळी सबटायटल्स सरसकट पुढे-मागे सरकवतात, त्यामुळे वाढत जाणारा फरक त्यांनी कधीच जात नाही. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज फ्रेमरेट' घ्या, २३.९७६ वरून २५ करा, मग उरलीसुरली अर्ध्या-एक सेकंदाची चूक जी-एचने काढा. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच जतन करा, म्हणजे देवनागरी अक्षरं टिकतात. आणि पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावू नका. त्यातल्या प्लेअरना देवनागरी फाँट बहुतेक वेळा नसतो, चौकोन दिसतात किंवा जोडाक्षरं मोडून पडतात. लॅपटॉपवरून एचडीएमआयने चालवा.

---

डोलकाठी

दुसऱ्या प्रश्नाचं: चित्रपट १.३७:१ या जवळजवळ चौकोनी चौकटीचा आहे. प्रोजेक्टरमध्ये अॅस्पेक्ट 'फुल' किंवा 'वाइड' वर असेल तर तो १६:९ भरायला चित्र ताणतो. 'झूम' वर टाकलं तर वरून डोकी आणि खालून पाय उडतात, त्यातही सिल्व्हरची कुबडी, जी बघायलाच आपण बसलोय. 'ऑटो' किंवा 'ओरिजिनल' ठेवा. ८ फूट रुंदीच्या पडद्याची उंची साडेचार फूट, म्हणजे चित्र सव्वासहा फुटांच्या आतबाहेर रुंद दिसेल आणि दोन्ही बाजूंना जेमतेम फूटफूट काळी पट्टी राहील. ती राहू द्या, चूक नाही ती.

खरेदी करताना एक घोळ होतो. हॅस्किन आणि न्यूटन या जोडीचाच १९५४ चा 'लाँग जॉन सिल्व्हर' म्हणून वेगळा चित्रपट आहे, ऑस्ट्रेलियात चित्रित केलेला. तो डिस्नेचा नाही. मुखपृष्ठावर तोच नट, तोच पोपट, माणूस फसतो. तुमचा १९५० चा हे बॉबी ड्रिस्कॉलच्या नावावरून पक्कं करा, जिम या पोरसवदा नायकाचं काम त्याचं आहे.

७ वर्षांच्या मुलांसाठी सांभाळायच्या जागा तीन: आंधळा प्यू काळा ठिपका (चाच्यांचा धमकीचा निरोप) हातात देतो ती, बिली बोन्सचा मृत्यू, आणि हँड्स सुरा घेऊन जिमच्या मागे डोलकाठीवर चढतो ती. तिसरी खरी दचकवणारी. लहानांना मागच्या रांगेत पालकांजवळ बसवा, एवढं पुरे.

---

निळी_शाई

नकाशाचा लगदा का झाला ते सांगते. झेरॉक्सचा नेहमीचा ७०-७५ जीएसएमचा (चौरस मीटरला तितक्या ग्रॅमचा) कागद ओला झाला की स्वतःचं वजन पेलत नाही. आणि इंकजेटची शाई बहुतेक पाण्यात विरघळणारी असते, ती फुटणारच. त्यामुळे:

नकाशा काळ्या पेनाने काढून त्याची लेझर झेरॉक्स काढा, कार्ट्रिज किंवा साधारण १२० जीएसएमच्या कागदावर, ए-३ आकारात. टोनर पाण्याने हलत नाही. कडा कात्रीने कापू नका. ओलं बोट कडेवरून फिरवून हाताने फाडा, तंतू सुटून आपोआप जुनाट दिसतं. मग कागद चुरगळून गोळा करा, उलगडा, पुन्हा चुरगळा. हे बुडवण्याआधीच करायचं, कारण जिथे तंतू मोडतात तिथे चहाचा रंग जास्त मुरतो आणि सुरकुत्या गडद उठतात.

अर्धा लिटर पाण्यात ५ चमचे चहा पावडर १० मिनिटं उकळा, फडक्याने गाळा, पूर्ण गार करा. दूध-साखर अजिबात नाही. साखर घातली तर नकाशा चिकट होतो आणि तो शोधायला मुलांच्या आधी मुंग्या येतात. पसरट ताटात खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर नकाशा ठेवा, मग चहा ओता. ५ मिनिटांनी प्लॅस्टिकसकट उचला. कागद एका कोपऱ्याला धरून उचलला की तिथेच फाटतो, तुमचा बहुधा तसाच गेला. ओला असतानाच दोन-तीन चिमटी इन्स्टंट कॉफी लांबून भुरभुरवा आणि हात लावू नका, बुरशीसारखे ठिपके उठतात. सावलीत आडवा वाळवा, दोरीवर टांगला तर रंग ओघळून खालच्या कडेला साचतो. शेवटी दोन सुती फडक्यांमध्ये घालून कमी आचेची कोरडी इस्त्री. फार गरम केलीत तर टोनर फडक्याला चिकटेल.

कडा जाळायचा मोह होतो. दाट कॉफीत बुडवलेला कापूस कडेवरून फिरवला तरी तेच दिसतं, जाळू नका.

---

गलबत_बंदरात

खजिनाशोधासाठी मूळ पुस्तकातल्या नकाशावरची खूणच वापरा. तिथे लिहिलंय: उंच झाड, स्पायग्लास टेकडीचा खांदा, उत्तर-ईशान्येच्या उत्तरेला एक पॉइंट. जुन्या होकायंत्रावर वर्तुळाचे ३२ भाग, एक पॉइंट म्हणजे ११.२५ अंश. उत्तर-ईशान्य २२.५ वर, त्यातून एक पॉइंट वजा केला की उरतात ११.२५ अंश. १० वर्षांच्या मुलाला हे गणित जमतं आणि जमल्याचा आनंद खजिन्याहून मोठा असतो.

फोनमधलं होकायंत्र देऊ नका. पार्किंगमधल्या गाड्या, स्लॅबमधल्या सळ्या, स्पीकरचं चुंबक यांच्याजवळ ते २०-३० अंशांनीही भरकटू शकतं. साधी प्लॅस्टिक पट्टीवरची होकायंत्रं आणा, प्रत्येक गटाला एक. तीही लोखंडी गेटपासून लांब धरायची. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एक अंशाच्या आसपास, तो सोडून द्या.

मुलांच्या हाती ५ अंशांची चूक धरून चालायची. २० मीटरवर तेवढ्याने पावणेदोन मीटर इकडेतिकडे होतं. म्हणून एक टप्पा १५ मीटरच्या पुढे नेऊ नका आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी झाड, नळ, पायरी असं काहीतरी ठळक असू द्या. 'वीस पावलं' हे माप तर नकोच: ७ वर्षांच्या आणि १२ वर्षांच्या मुलाच्या पावलात फार फरक असतो, भांडणं होतात. सुतळीला दर मीटरला गाठ मारून द्या. जुन्या खलाश्यांच्या वेगमापक दोरीलाही गाठीच असायच्या.

खरं पुरू नका. आवारात ठिबकच्या नळ्या आणि वायरी कुठून गेल्यात हे माळ्यालाही नीट माहीत नसतं. वाळू भरलेलं घमेलं किंवा रिकाम्या कुंड्या वापरा.

नाणी हवी असतील तर सिल्व्हरचा पोपट ज्यांच्या नावाने ओरडतो ती 'पीसेस ऑफ एट', म्हणजे स्पेनची ८ रिआलची चांदीची नाणी, साधारण २७ ग्रॅमची आणि ३८ ते ४० मिलिमीटर व्यासाची. पुठ्ठ्याच्या ४ सेंटिमीटरच्या चकत्यांना चंदेरी कागद लावा. चॉकलेटची नाणी मे महिन्यात वाळूत वितळतात.

---

कुबडीवाला

फ्रेमरेट बघितला, २५ आहे! म्हणजे पालच. सबटायटल्स बदलून पहिली १० मिनिटं चालवली, आता जुळतायत. नवीन प्रश्न दोन. न्यूटनचं इंग्रजी इंग्लिश मीडियमच्या पोरांनाही कळेना. आणि ओटीटीवरून थेट लावलं तर चालेल का?

---

पडद्यामागे

ओटीटीच्या खात्याच्या अटी घरगुती वापरापुरत्या असतात, सोसायटीचा हॉल त्यात बसत नाही. भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षांचा आहे, पण ओटीटीशी तुम्ही केलेला करार त्याने रद्द होत नाही. नवीन सबटायटल्स, पुनर्संस्करण वगैरे भानगडीही वेगळ्या. हक्कधारकाला लेखी विचारून घ्या, मेपर्यंत वेळ आहे.

भाषेचं म्हणाल तर न्यूटन मुळात डॉर्सेटचा, त्याने तिकडचाच बोलीचा हेल उचलून ताणला आहे. चाच्यांचा म्हणून जो 'आर्रर' आज जगभर चालतो तो बराचसा याच भूमिकेतून आला. कळत नसलं तरी ऐकू द्या. फक्त जहाज बंदर सोडतं तिथे २ मिनिटं थांबवून कोण कोणाच्या बाजूला हे मराठीत सांगा. सफरचंदाच्या पिंपाचा प्रसंग त्यानंतर येतो, आणि तो कळला की पुढचं सगळं कळतं.

---

डोलकाठी

थांबवून सांगणारच असाल तर चाच्यांबद्दल एक वाक्य नीट सांगा. खजिना पुरल्याची ठोस नोंद मुख्यतः विल्यम किडची, १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर. बाकीचे लुटायचे आणि उडवायचे. हेन्री एव्हरीने १६९५ मध्ये लुटलेलं 'गंज-इ-सवाई' हे मुघलांचं जहाज सुरतेकडे परतत होतं, म्हणजे आपल्याच समुद्रातलं. आणि कोणी 'कान्होजी आंग्रेही पायरेट होते ना?' विचारलं तर इंग्रजांच्या कागदांत तसं लिहिलंय, मराठ्यांच्या दरबारी ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, इतकं सांगून पुढे चला. नाहीतर चित्रपट तिथेच राहतो.

---

गलबत_बंदरात

एक राहिलं. पुस्तकात चाचे खूण गाठतात तेव्हा खड्डा रिकामा असतो, बेटावर एकटा सोडलेल्या बेन गन या खलाश्याने खजिना आधीच आपल्या गुहेत हलवलेला. तुमच्या खेळातही नकाशावरच्या फुलीखाली रिकामी पेटी ठेवा. पण अगदी रिकामी नको, लहान मुलं रडतात. पुस्तकात तिथे दोन गिनीचं एक नाणं सापडतं, तसं एकच नाणं ठेवा आणि शेजारी चीजचा एक त्रिकोणी तुकडा, वेष्टनासकट. बेन गन बेटावर तीन वर्षं चीजची स्वप्नं बघत असतो. ज्या गटाला हे आठवेल तो धावत हॉलच्या फ्रीजकडे जाईल. खरी पेटी तिथे, खालच्या कप्प्यात. चॉकलेटची नाणी तिथे चालतील.