मदत हवी आहे: बॅगचा पॅटर्न लहान केला, पण फोमच्या टाक्यांनी कापड आखडतं

घरी शिवायच्या बॅगचा कागदी पॅटर्न आहे. तयार माप 16 इंच रुंद, 14 उंच, तळ 4 इंच. त्यावरून 12 बाय 10 ची डब्याची बॅग करायची आहे. तळ मात्र 4 इंचच हवा, नाहीतर स्टीलचा डबा आडवा बसत नाही.

पॅटर्न 75 टक्क्यांवर छापून पाहिला, पण त्यात शिलाईची अर्ध्या इंचाची जागा तीन सुतांवर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) येते आणि तळ 3 इंचांचा होतो. म्हणून हिशोबच नव्याने मांडला: रुंदी 12 + तळाचे 4 + शिलाईचा 1 = 17, उंची 10 + अर्ध्या तळाचे 2 + शिलाईचा 1 = 13, खालच्या कोपऱ्यांतले चौकोन 2 इंचांचे, आधी होते तेच. मांजरपाटावर नमुना शिवला, माप चोख आलं.

अडलंय ते पुढे. बाहेरचा भाग खणाचा, मध्ये पातळ फोम, मागे मांजरपाट, आणि दीड-दीड इंचावर तिरके टाके. टाके पडले की तुकडा आखडतो, तोही सगळीकडे सारखा नाही. काठाशी कमी, मध्ये जास्त. मोठा बेतून नंतर छाटायला माझी ना नाही, पण खणाचा काठ वरच्या कडेला अख्खा दिसायला हवा, म्हणजे छाटणी फक्त तीन बाजूंनी. कापड आधीच धुऊन इस्त्री केलंय. मशीन साधं घरगुती आहे, वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्यासोबत पुढे सरकवणारा मशीनचा पाय) नाही.

अशा वेळी 17 बाय 13 साठी कापड किती वाढवून बेतायचं, टाके काठाकडून सुरू करायचे की तळाकडून, आणि आतलं सुती अस्तर चुण्या न पडता बसायला किती सूत लहान ठेवायचं?