बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आणि मावशीचा सातवा मजला

घरांचा विषय निघाला की काही जण म्हणतात, "गरिबाला पक्कं घर मिळालं की झालं, आराखड्याचे चोचले कशाला?" माझी मावशी एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या, इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. घर पक्कं आहे, नाही असं नाही. पण भर दुपारी पॅसेजमध्ये ट्यूब लावावी लागते, आणि चाळीत बाहेर खाटेवर पापड वाळवणारी ही बाई आता ते पंख्याखाली वाळवते. लिफ्ट बंद पडली की गुडघ्यांमुळे चार-चार दिवस खाली उतरत नाही.

आता नवी मुंबईतल्या बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत बघा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, आखलेली. सात-सात घरं एका सामाईक अंगणाभोवती, अंगण साधारण ८ बाय ८ मीटर. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे कमी आणि जास्त कमाईवाल्यांच्या जागेत दुपटीचाही फरक नाही. बहुतेक घरांच्या भिंती स्वतंत्र, त्यामुळे पैसे जमतील तशी वाढवायची, शेजाऱ्याची परवानगी मागायला नको.

लोकांनी वाढवलीही. कित्येक कौलारू घरं पाडून स्लॅबची झाली. वास्तुकलेचे विद्यार्थी तिथे जाऊन हळहळतात. मला तर तेच त्या आराखड्याचं यश वाटतं. खरी अडचण वेगळी आहे: जागेचे भाव वाढल्यावर कमी कमाईवाला तिथे नव्याने शिरणार कसा? त्याचं उत्तर नकाशात नाही, घर विकण्याच्या नियमांत शोधावं लागेल.